डावा हात भात्यावर

स्वतः पद रचायचे, स्वतःच त्याला चाल बांधायची आणि स्वतःच वाद्यावर बसून ते चारचौघांत म्हणून दाखवायचे, असा जो तिहेरी व्यवसाय मी आयुष्यभर केला, त्याला आमच्या प्रवरेकाठच्या मुलखात स्वतंत्र असे नाव नाही. कीर्तन करणाऱ्याला लोक बुवा म्हणतात, पोवाडा गाणाऱ्याला शाहीर म्हणतात, साथीला बसणाऱ्याला पेटीवाला म्हणतात. आणि माझ्यासारखा मनुष्य ह्या तिघांपैकी धड कोणीच नसल्यामुळे त्याला ‘मास्तर’ म्हणून मोकळे होतात. विलायतेत पियानोवर बसून आपलीच गीते गाणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि त्यांपैकी काहींच्या तबकड्या मी कुतूहलाने पुन्हापुन्हा ऐकल्याही आहेत. परंतु तो पियानो नावाचा अजस्र प्रकार मी कोल्हारात कधी पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी तो कोणाच्या माजघराच्या दारातून आत गेला असता असे वाटत नाही. आमचा पियानो म्हणजे पेटी. दोहोंच्या पट्ट्यांची मांडणी एकच, काळ्या-पांढऱ्यांची तीच रांग, सप्तकात तेच बारा स्वर. असे असूनही पियानोवाल्याचे पद आणि पेटीवाल्याचे पद ह्यांची जात निराळी होते, कारण त्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि आमचा डावा हात जन्मभर भात्याला वाहिलेला असतो. माझ्या पदांत जे काही गुण आणि जे काही दोष आहेत, ते बहुतेक ह्या एका गोष्टीतून निघाले, अशी माझी आता पक्की समजूत झाली आहे.

पेटी मूळची अशी एकहाती नव्हती. पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने १८४२ च्या सुमारास जिची सनद घेतली, ती पेटी खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी चालवायची होती, आणि तिच्यावर वाजविणाऱ्याची दहाही बोटे नाचू शकत असत. परंतु हिंदुस्थानातला गवई बैठकीवर मांडी घालून बसणारा. त्याला ते उंच धूड गैरसोयीचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ साली पायाचा भाता काढून तो पाठीमागे बसविला आणि हाताने ओढण्याजोगी बैठी पेटी तयार केली, असे सांगतात. ह्या सुधारणेमुळे पेटी भजनात गेली, तमाशाच्या फडात गेली, उरुसाच्या कव्वालीत गेली, बैलगाडीत घालून गावोगाव हिंडू लागली. पण तिच्या मोबदल्यात वादकाने आपला डावा हात कायमचा लिहून दिला, ह्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. आपल्या संगीतात स्वरांचे ढीग एकावर एक रचीत नाहीत, एका स्वरापाठीमागून दुसरा स्वर जातो, तेव्हा दुसऱ्या हाताचे काम तरी काय, असा युक्तिवाद त्यावर करता येतो, आणि तो खोटा नाही. तो पुरता खराही नाही, हे मला पुढे कळले. ते ओघाने सांगेन.

कोल्हार हे नगर-मनमाड रस्त्यावरचे, प्रवरेच्या उत्तर तीरावरचे गाव. पुलापलीकडे कोल्हार खुर्द. भगवतीच्या देवळामुळे गावाला पंचक्रोशीत मान आणि पौषातल्या यात्रेमुळे वर्षातून एकदा बाजारपेठेचे वैभव. वर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी फिरले, बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि १९५० च्या गळिताच्या हंगामापासून लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाल्यावर ह्या भागातल्या गाण्याबजावण्याचेही अर्थकारण पालटले. सप्ताह कोणत्या महिन्यात बसवायचा, फडाला बिदागी काय द्यायची, मंडळाला नवी पेटी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची, हे उसाचे पैसे हाती केव्हा येतात ह्यावर ठरू लागले. कलावंताने आपल्या कलेच्या इतिहासात ह्या बाबी लिहू नयेत असा संकेत आहे. मला तो ढोंगीपणाचा वाटतो.

माझी पहिली पेटी माझी नव्हती, भजनी मंडळाची होती. सागवानी, साडेतीन सप्तकांची, खर्ज आणि नर अशा दुहेरी सुरांची ती पेटी वर्गणीतून घेतलेली असल्यामुळे तिच्यावर सर्वांचा हक्क आणि म्हणूनच कोणालाही एकट्याने हात लावण्याची मनाई होती. किल्ली मंडळाच्या चालकांकडे असे. दुपारी देऊळ निवांत झाले की ते मला पेटी उघडून देत, अट एवढीच, की झाकण उन्हात ठेवायचे नाही आणि सगळ्या पट्ट्या दाबलेल्या राहिल्यासारखा भलता जोर भात्यावर काढायचा नाही. गुरू असा कोणी मिळाला नाही. पेठेतल्या एका दुकानदाराकडे चावीचा फोनो होता. त्याच्यावर वाजणाऱ्या नाट्यपदांचा पाठलाग करीत बोटे फिरली, आणि ज्या जागा पेटीवर सापडेनात, त्या जागा पेटीत नसतातच, हे ज्ञान झाले. ह्या ज्ञानाला मी विशेष मानतो, कारण वाद्याची मर्यादा शिक्षकाने सांगितली म्हणजे ती नियम वाटते, आणि स्वतःच्या बोटांना आढळली म्हणजे ती त्या वाद्याचा स्वभाव वाटते.

पुढे कालव्याच्या दफ्तरात कारकुनी मिळाली. दिवसभर पाणीपट्टीची आकारणी, थकबाकीच्या याद्या, पाळीपत्रके, आणि रात्री पेटी. ह्या दुहेरी नोकरीच्या बाबतीत आमच्या शेजारच्याच ताहराबादच्या महिपतींची कथा मला फार वेळा ऐकविली गेली. अठराव्या शतकातले हे संतचरित्रकार गावचे कुळकर्णी. पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई कामासाठी तगादा लावून बसला, तेव्हा हातातले काम उरकून त्यांनी आपली लेखणी ह्यापुढे सरकारी कामाला लावायची नाही असा निश्चय केला आणि ती भक्तिविजयासारख्या ग्रंथांना वाहिली, असे सांगतात. कथा थोर आहे. माझ्या अंगी ती धमक नव्हती. मी दोन्ही लेखण्या चालू ठेवल्या, आणि सेवानिवृत्तीचे वेतन दरमहा घेताना त्याचा मला खेद वाटत नाही.

जिथे बोलावणे येई तिथे मी जात असे. सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्रीचे भजन, लग्नात मंगलाष्टके आणि नंतर वऱ्हाडासाठी चार पदे, गणेशोत्सवातले मेळे, निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही पक्षांची प्रचारगीते (एकाच चालीवर नव्हे, एवढे पथ्य मी पाळले), सरकारी कलापथकांसाठी कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची गाणी, आणि गळिताच्या हंगामात उसतोडणीच्या कोपींपाशी शेकोटीभोवती झालेली, कोणी न ठरविलेली जागरणे. ह्या सर्वांत ऐकणारे म्हणून मला तोडणीवाले अधिक पसंत. त्यांना पद आवडले नाही तर ते उठून जात नसत, मध्येच आपले सुरू करीत. आणि त्यांचे सुरू झाले की त्यांच्या पट्टीत जाऊन साथ करण्यावाचून मला गत्यंतर नसे.

पद कसे तयार होते, असे लोक विचारतात. माझ्यापुरते सांगायचे तर ते भांडणातून तयार होते. कवीला एक हवे असते, चाल बांधणाऱ्याला दुसरे, आणि गाणाऱ्याला तिसरे. तिघेही एकाच अंगरख्यात असल्यामुळे तंटा बाहेर जात नाही इतकेच. निवाडा मात्र जवळजवळ नेहमी गाणाऱ्याच्या बाजूने लागतो, कारण सभेपुढे फजिती त्याची व्हायची असते. कागदावर ‘मूर्ती’ला ‘कीर्ती’, ‘स्फूर्ती’ अशी यमके मोठी देखणी दिसतात. परंतु तार षड्जावर जाऊन त्या ‘ती’वर ठरायचे म्हटले म्हणजे तोंड आकसते, आवाज चिरतो आणि शेवटच्या ओळीतले लोक माना वर करून पाहू लागतात. म्हणून वर जाणाऱ्या ओळीच्या शेवटी मी ‘माय’, ‘पाय’, ‘छाया’, ‘गावा’ असे आकाराचे शब्द आणून बसवीत असे, आणि ज्या कल्पनेला असा शब्द मिळाला नाही ती कल्पना, कितीही सुंदर असली तरी, अंतऱ्याच्या खालच्या भागात उतरवीत असे. समेवर जोडाक्षर नको, श्वास घेण्याच्या जागी अर्थ तुटायला नको, आणि पहिल्या ओळीत असा एक तरी शब्द हवा, की जो ढोलकीच्या गोंगाटातूनही गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्याला समजेल. ह्या नियमांनी जे बांधले गेले त्याला काव्य म्हणावे की नाही, हा प्रश्न टीकाकारांनी सोडवावा; माझ्याकडे त्यासाठी वेळ नव्हता, कारण पुढच्या शनिवारी कोठेतरी सप्ताह असे.

ह्या तंट्यात चौथा पक्षकार भाता. लांब ओळ म्हणायची असली म्हणजे गवई आधी छाती भरून घेतो. पेटीवर बसलेल्या गवयाला त्याच क्षणी भाताही भरून घ्यावा लागतो, नाहीतर ओळीच्या मध्यावर आवाज टिकून असताना पेटी धापा टाकू लागते. नवशिक्या असतो तो गाण्यात रमला की डावा हात विसरतो. मुरलेला असतो त्याचा हात श्वासाबरोबर आपोआप हलतो, किंबहुना तो हात पाहून ह्याला पुढे किती लांब ओळ म्हणायची आहे हे तबलजी ओळखतो. उजवा हात गळ्याच्या पाठोपाठ तेच स्वर वाजवीत जातो, आणि तोंड मिटले की तेवढ्यापुरते त्याला स्वतःचे बोलायला मिळते. पियानोवर गाणाऱ्याचे तसे नसते. तो गळ्याने एक गोष्ट सांगतो आणि बोटांनी तिच्याविषयी दुसरे काही सुचवितो. गळा धीर देत असतो तेव्हा खालचा हात भीती दाखवितो, असे मी त्या तबकड्यांत अनेकदा ऐकले. आमची पेटी गळ्याहून वेगळे काही बोलूच शकत नाही. म्हणून जे काही सुचवायचे ते सर्व शब्दांत आणि एकाच चालीत भरावे लागते. माझी पदे थोडी फार भरलेली वाटतात, अशी जी तक्रार रसिकांनी वेळोवेळी केली, तिचे मूळ येथे आहे.

पेटी वाजविणारा कधी ना कधी ती उघडतो. वरची फळी काढली, पट्ट्यांची रांग उचलली की खाली पितळी सुरांची ओळ दिसते. प्रत्येक सूर म्हणजे एका तबकडीच्या चिरेत बसविलेली पातळ जीभ, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. चांगले सूर गुजरातेत पालीताण्याला होतात. जीभ मोकळ्या टोकाशी किंचित खरवडली की वजन कमी होऊन स्वर चढतो, मुळाशी खरवडली की लवचिक होऊन उतरतो. आणि खरवडलेले पितळ परत चिकटविता येत नाही. पावसाळ्यात जिभेवर हिरवा थर येतो, चामड्याच्या गादीला झुरळे लागतात, भात्याच्या घडीला उंदीर. ह्या सर्वांशी झगडून पेटी सुरात ठेवणे हे कोणत्याही रागज्ञानाइतकेच कठीण शास्त्र आहे, आणि त्याला कोणी मानपत्र देत नाही.

पेटीचे बारा स्वर एकमेकांपासून समान अंतरावर बसविलेले असल्यामुळे कोणत्याही पट्टीत गाता येते, परंतु कोणत्याही पट्टीत पूर्ण समाधान मिळत नाही. तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप उमटतो, त्याहून पेटीचा गांधार अंमळ चढा. सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी ह्याच प्रश्नावर १९१० साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती निश्चित केल्या, आणि क्लेमंट्स नावाच्या सनदी न्यायाधीशाच्या साहाय्याने बावीस श्रुतींची पेटी विलायतेतून करवून घेतली. महसुली खात्यातला मनुष्य निवृत्तीनंतर जमिनीची मोजणी सोडून स्वरांची मोजणी करू लागतो, ह्यात मला, एका कालवा-कारकुनाला, फार जिव्हाळा वाटत आलेला आहे. ती पेटी गवयांच्या अंगवळणी पडली नाही, आणि मला ती मिळणेही शक्य नव्हते. मी गावठी उपाय केला. माझी पट्टी काळी दोन. तिचा गांधार येतो पांढऱ्या पाचवर. त्या सुराची जीभ मुळाशी अगदी हलक्या हाताने घासून मी तो तंबोऱ्याशी मिळविला. त्यानंतर काही वर्षे काळी दोनमध्ये माझी पेटी अशी गोड लागे, की पट्टीचे भजनी थांबून विचारीत. दुसऱ्या कोणाला ती चालत नसे. पण ती आता मंडळाची नव्हती, माझी होती.

पेटीवर बसून संगीताच्या सर्व प्रांतांत वावरलेला मनुष्य महाराष्ट्रात कोण, असे विचाराल तर मी गोविंदराव टेंब्यांचे नाव घेईन. १८८१ ते १९५५ हा त्यांचा काळ, कोल्हापूर हे त्यांचे क्षेत्र. पेटी हे साथीचे वाद्य मानले जात असताना त्यांनी ती स्वतंत्रपणे ऐकविली; भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ ह्यांच्या सहवासात घराणेदार गाणे मुरवून घेतले; आणि १९११ साली खाडिलकरांच्या मानापमानाला चाली दिल्या, तेव्हा साकी-दिंडीच्या वळणावर रेंगाळलेल्या रंगभूमीवर उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा मोहरा आणून बसविला. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस ह्यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीचे ते एक संस्थापक. पुढे स्वतःची शिवराज मंडळी. नाटके लिहिली, भूमिका केल्या, आणि १९३२ साली प्रभातच्या अयोध्येचा राजा ह्या बोलपटात हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले, तेव्हा त्याचे संगीतही त्यांचेच. ‘माझा संगीत-व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक मी इतक्या वेळा वाचले आहे, की माझ्या प्रतीची शिवण तीनदा घालावी लागली. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा, की पेटीवर प्रभुत्व असूनही ते पेटीचे वकील होत नाहीत. गळ्याला जे साधते ते पेटीला साधत नाही हे त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांच्या चाली बोटांतून नव्हे, गळ्यातून आलेल्या वाटतात. माझ्या चाली बोटांतून येतात. हा फरक मोठा आहे, आणि तो घराण्याच्या तालमीने पडतो.

असे असता ह्याच पेटीला आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून आपल्या दारातून बाहेर काढले. तिचे स्वर ताठर, तिला मींड येत नाही, ती परदेशी, असे आक्षेप होते. रवींद्रनाथांसारखे महाकवी आक्षेप घेणाऱ्यांच्या पक्षात होते. सुमारे तीस वर्षे हा हुकूम कायम राहिला आणि १९७१ नंतर, तोही हातचे राखून, सैल झाला. आक्षेपांतले तथ्य मी नाकारीत नाही. वर सांगितलेल्या गांधाराचे दुःख मी स्वतः भोगले आहे. तथापि हुकूम काढणाऱ्यांनी ज्या गावात तंबोरा लावता येणारा एकही मनुष्य नाही, तेथे वीस माणसांना एका सुरात आणण्याचे काम कोण करते, ह्याचा विचार केलेला दिसत नाही. सारंगिये आमच्याकडे कधीच नव्हते. पेटी नसती तर प्रवरेकाठच्या भजनात सूर नसता, टाळ असते. आणि गंमत अशी, की ज्या गीतरामायणाने १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून सारा महाराष्ट्र वेडा केला, त्याचेच प्रयोग पुढे सुधीर फडके गावोगाव करू लागले तेव्हा समोर पेटी घेऊनच बसत.

आता त्या दुसऱ्या हाताविषयी. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती भजनाची परंपरा जुनी आहे. कृष्णराव सांगळ्यांची आणि रेव्हरंड टिळकांची पदे ह्या भागातल्या खेड्यांत टाळ-मृदंगावर म्हटली जातात, आणि टिळकांच्या राहुरीच्या दिवसांविषयी ज्यांना कुतूहल असेल त्यांनी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे पाहावीत. नाताळाच्या आधी आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या वेळी अशा मंडळ्यांना पेटीवाल्याची गरज पडे व मला बोलावणे येई. अशाच एका लहानशा देवळात जुनी पायपेटी होती, मिशनच्या काळातली. पायट्या झिजलेल्या, दोन सूर मुके. तालीम संपल्यावर मी तिच्यावर बसलो. पाय चालू लागले, भाता भरला, उजवा हात आपल्या सवयीने चालीवर गेला, आणि डावा हात मांडीवर पडून राहिला. त्याला जाण्याची जागाच ठाऊक नव्हती. मग मी तो खालच्या षड्जावर ठेवला, थोड्या वेळाने पंचमावर नेला, आणि वर पद तेच ठेवून खाली एकदा मध्यम धरून पाहिला, तो काय आश्चर्य, रोजची, शेकडो वेळा म्हटलेली ओळ एकाएकी दुसऱ्याच मनःस्थितीतली वाटू लागली. शब्द बदलला नाही, चाल बदलली नाही, केवळ खालची जमीन सरकली. देवळाच्या राखणदाराने कुलूप वाजवून वेळेची जाणीव करून देईपर्यंत मी तेवढेच करीत होतो.

त्या पायपेटीवर पुढच्या भेटींत मी एक पद बांधले. आईवर होते. शब्द अगदी थोडे, कारण प्रथमच मला सर्व काही शब्दांत भरण्याची गरज पडली नाही. जे म्हणायचे नव्हते ते डाव्या हाताने म्हणता येत होते. घरी येऊन हातपेटीवर ते म्हटले, तर रिकाम्या भांड्यासारखे वाजले. मी त्यात शब्द घालून पाहिले, पण शब्द घातले की ते माझ्या नेहमीच्या पदांसारखे होई. ते पद मी कधी जाहीरपणे म्हटले नाही, आणि माझ्या वहीत जी सर्वांत कमी खाडाखोडीची पाने आहेत त्यांत त्याचे पान आहे.

चालू धंद्यात मात्र सर्वांत जवळचा आदर्श दासगणू महाराजांचा. नगरजवळच्या अकोळनेरचा जन्म, पोलीस खात्यातली नोकरी, तरुणपणी लावण्या रचण्याचा नाद, आणि शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासानंतर कीर्तन. आख्याने स्वतःची, पदे स्वतःची, गळा स्वतःचा. भरजरी पोशाख करून कीर्तनाला निघालेल्या दासगणूंना बाबांनी ‘नवरदेव’ म्हणून हटकले आणि तेव्हापासून ते उघड्या अंगाने, हाती चिपळ्या व गळ्यात हार एवढ्याच सरंजामावर उभे राहू लागले, हे साईसच्चरितात आहे. मला त्या प्रसंगात पोशाखापेक्षा चिपळ्या महत्त्वाच्या वाटतात. दोन्ही हातांना काम, पण कोणताही हात बांधलेला नाही. मनुष्य उभा राहू शकतो, दोन पावले पुढे येऊन समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलू शकतो. पेटीवाला बसलेला असतो आणि त्याच्या व श्रोत्यांच्या मध्ये ती पेटी असते. लावणी रचणाऱ्या हाताची नजाकत दासगणूंच्या भक्तिपदांतही उरली आहे, हे माझे मत काही भाविकांना आवडत नाही.

वयोमानाने आवाज उतरतो. माझा काळी दोनवरून पांढरी दोनवर आला, तेव्हा तो अर्धाच स्वर खाली आल्याचे समाधान मी करून घेतले. परंतु पेटीने ते करून दिले नाही. जी पांढरी पाच मी मोठ्या हौसेने उतरवून गांधार म्हणून तंबोऱ्याशी मिळविली होती, ती आता नव्या पट्टीत मध्यम झाली होती, आणि उतरलेला मध्यम म्हणजे निव्वळ बेसूर. ज्या भजनात मध्यमावर न्यास असे तेथे माझे श्रोते, कारण न समजता, अस्वस्थ होत. जिभेचे टोक घासून सूर परत चढविला; ती मुळाशी आधीच पातळ झालेली, आणि एका भर मध्यरात्रीच्या भजनात पोटातून ‘टच्’ असा आवाज करून तुटली. पालीताण्याचा नवा सूर बसविला, तो समान अंतराचाच ठेवला. पुढे आवाज काळी एकवर आला.

उतरत्या पट्टीबरोबर पदांचेही शब्द बदलावे लागले. पूर्वी ज्या ओळी तार षड्जाच्या भरवशावर रचल्या होत्या, त्या आता वर न नेता मध्येच वळवाव्या लागत; आणि वर जायचेच नाही म्हटल्यावर तेथे आकाराची सक्ती कशाला? जी ‘मूर्ती’, ‘कीर्ती’ तरुणपणी गवयाने हाकून लावली होती, ती म्हातारपणी कवीने परत बोलावली. काही पदे ह्या फेरफाराने सुधारली, असे माझे प्रामाणिक मत आहे. मंडळातली मुले मात्र जुनाच पाठ म्हणतात, कारण त्यांचे गळे अजून वर जातात. नाममुद्रेचे कडवे तर ती बहुधा गाळतातच. ध्वनिक्षेपकावर वेळ मोजून मिळतो, आणि शेवटचे कडवे हे कापण्याला सर्वांत सोयीचे असते.

हल्ली मंडळाने विजेवर चालणारे पट्टीवाद्य घेतले आहे. भाता नाही, सूर तुटत नाहीत, झुरळांना खाण्यासारखे त्यात काही नाही, आणि एक बटण दाबले की बोटे त्याच पट्ट्यांवर ठेवून आवाज हव्या त्या पट्टीत काढता येतो. मुले त्याच्यावर उजव्या हाताने चाल वाजवितात. डावा हात, भाता नसल्यामुळे, मोकळा असतो, आणि तो मोकळा हात ती खिशात घालतात किंवा त्याने श्रोत्यांकडे टाळ्या मागतात. मी त्यांना खालचा षड्ज-पंचम धरायला शिकविण्याचा प्रयत्न चालविला आहे. एकाला त्यात गोडी वाटू लागली आहे. बाकीचे म्हणतात की वाद्यात तेही बटण आहे, मास्तर.

ह्या पौषातल्या यात्रेसाठी भगवतीचे नवे पद मजकडून मागितले गेले आहे. मी होकार दिला आहे, दोन अटींवर: पट्टी मी ठरवीन आणि शेवटचे कडवे म्हटले जाईल. पहिली अट मान्य झाली. दुसरीवर अजून वाटाघाटी चालू आहेत.